घंटेची जागा

"ह्या स्टुलार बसलंय तर माजे पाय लोंबाक लागतले गो," मार्टिना म्हणाली आणि साडी सावरत चढून बसलीच. मग पोट पुढे काढून, हनुवटी वर करून तिने नाबरशेठचा आवाज काढला, "चला, हात चालवा! तोंडां बंद!"

आम्ही सगळ्या हसलो. टेम्पोतून स्टुलं नुकतीच उतरवली होती. लोखंडी, उंच, हिरव्या रंगाची. रंग अजून हाताला लागत होता. मार्टिनाच्या मागे तो चिकटला आणि ती उतरली तेव्हा आणखी एक हशा झाला.

हसली नाही ती मथुरा. ती भिंतीकडे गेली. तिथे जमिनीत खुणा करून भोकं पाडली होती आणि एक माणूस पहिलं स्टूल बोल्ट लावून पक्कं बसवत होता. त्याच्या पुढे लांबलचक पट्टा यायचा होता आणि पट्ट्याच्या पलीकडे नुसती भिंत. मथुरा एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत चालत गेली, परत आली आणि आम्हाला म्हणाली, "हयसर बसान आमची तोंडां खंय जातली?"

"भिंतीकडे," तो बोल्टवाला मान वर न करता म्हणाला.

मथुराने माझ्याकडे पाहिलं. त्याचं बोलणं तिला कळलं नव्हतं. मी छातीशी हात धरून भिंतीकडे बोट केलं आणि ओठांनी म्हटलं, "भितीकडे."

हे आमच्या वेंगुर्ल्याकडचं, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. नाबरशेठच्या काजू कारखान्यात आम्ही साल काढायच्या कामाला होतो. भट्टीतून तापवून आणलेला काजूगर मध्ये ढीग करून ओततात आणि बायका भोवती रिंगण करून बसतात. हातात छोटी सुरी, पुढ्यात सूप. साल काढायची, अख्खा गर एकीकडे, पाकळी दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे. सकाळी बसलं की जेवणापर्यंत उठायचं नाही. तोंड मात्र मोकळं. कुणाची गाय व्याली, कुणाच्या सुनेने काय म्हटलं, कुणाचा घोव, म्हणजे नवरा, गोव्याहून रिकाम्या हाताने आला, सगळं त्या रिंगणात ओतलं जायचं आणि सोलून निघायचं.

मथुरा गावडेला तापाने धरलं तेव्हा ती चाळिशीच्या आत होती. ताप उतरला आणि कान घेऊन गेला. बोलणं तसंच राहिलं, फक्त आवाज जरा सपाट झाला, चढ-उतार गेले. ती परत कामावर आली तेव्हा पहिले काही दिवस आमच्या तोंडांकडे टकमक बघत बसली. मग तिला ओठ वाचता यायला लागले. अडचण एकच होती. रिंगणात कोण बोलतंय ते तिला कळायचं नाही, ती इकडे बघेपर्यंत तिकडचं बोलणं संपायचं. तेव्हा आम्ही एक पद्धत पाडली. जिला बोलायचं असेल तिने हातातला गर वर धरायचा. मथुरा त्या हाताकडे बघणार, हाताखालच्या तोंडाकडे बघणार आणि बाई बोलणार. कुणी ठरवून दिलं नव्हतं. एकीने केलं, दुसरीने केलं, मग सवय झाली. पुढे पुढे तर मथुरा बाजाराला गेलेली असली तरी आमचे हात वरच जायचे.

नाबरशेठ येता-जाता बघायचे. एकदा पाहुण्याला सांगताना मी ऐकलं, "आमच्या बायका एकेक गर उजेडात धरून बघतत. इतक्या बारीक काम खंयच मेळाचा नाय."

मथुराच्या कानांचं शेठला आम्ही सांगितलं नव्हतं. लपवायचं असं काही मनात नव्हतं, पण सांगायचं कशाला? तिचं काम चोख होतं. साल काढायला कान लागत नाहीत.

आता मशीन येणार होतं. साल हवेने उडणार, गर पट्ट्यावरून पुढे येणार आणि आम्ही स्टुलांवर बसून सरकत्या पट्ट्यावरून अख्खा, पाकळी, तुकडा वेचायचे. मध्येच पट्टा अडकला की थांबवायचा, अडकलेला गर हाताने काढायचा. पुन्हा सुरू करण्याआधी घंटा वाजणार. घंटा झाली की हात बाहेर, कारण पट्ट्याच्या टोकाला लोखंडी रूळ होते आणि ते हात ओळखत नाहीत. शेठनी आम्हाला एकत्र बोलावून हे नीट समजावलं. माणूस वाईट नव्हता. शेवटी म्हणाले, "सगळ्यांका घेतलंय मी मशीनीर. फक्त डोळे व्हये आणि कान व्हये. जेचा जमाचा नाय, तेचा..." आणि वाक्य तिथेच ठेवून ते फोन घ्यायला गेले.

त्या संध्याकाळी मी आणि मथुरा व्हाळाच्या, ओढ्याच्या कडेने घरी चाललो होतो. माझी-तिची वाट एकच. मी तिच्यापुढे आडवी झाले आणि म्हटलं, "शेटान काय सांगल्यान, कळला तुका?"

"कान व्हये म्हणालो."

"मगे?"

"मगे काय? तुमी आसात मा."

"मशीन मोठ्यान आवाज करता, मथुरा. भितीकडे तोंड. कोण कोणाक सांगतला? तू दुसरा खंयचा काम बघ. मासळीचा बघ."

ती थांबली. डोक्यावरचा पदर तिने कानामागे सारला, जणू ऐकायला अडचण त्या पदराचीच होती. "कामाचा नाय गो भागी. काम मेळतला. घराकडे झील बोलता दाराकडे बघान, सून बोलता चुलीकडे बघान. मी मधी बसान आसतंय. रात्री निजाक जातंय तेवा दिवसभरात माका कोणी काय सांगला, तर 'जेव'. ह्या रिंगणात बसलंय की माका ऐकाक येता."

मग ती पुढे चालू लागली आणि मी मागून. मागून तिला काही सांगता येत नव्हतं.

मशीन आलं, आणि मशीनच्या आधी शलाका मॅडम आल्या. शेठच्या मुलाने त्यांना पुण्याहून बोलावलं होतं. कामाच्या जागी काही नवीन आलं की माणसं बावरतात, त्यांना हसतखेळत तयार करायचं, हे त्यांचं काम. आम्हाला वाटलं चष्मा, भाषण, डोकं दुखणार. तर पायात बूट घातलेली ती बाई बूट काढून सरळ आमच्या रिंगणात येऊन मांडी घालून बसली, सुरी मागितली आणि पहिल्याच गराबरोबर स्वतःचं बोट कापून घेतलं.

"आमका पगार वाढवून द्या," मार्टिना शेठना म्हणाली, "ह्यांचा पण काम आमकाच करूचा लागतला."

सगळ्यात मोठ्याने मॅडमच हसल्या. त्या क्षणी त्या आमच्या झाल्या.

त्यांनी भिंतीवर रंगीत कागद लावले, त्यावर काहीबाही लिहिलं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. मार्टिना सातवीपर्यंत गेलेली, ती वाचून दाखवायची आणि प्रत्येक ओळीला स्वतःचं एक शेपूट जोडायची. मॅडमनी विचारलं, "मशीनची कशाची भीती वाटते? मनातलं सांगा. हसून सांगा, रडून सांगा, पण सांगा."

"ता घोवासारख्या आसतला," एक जण म्हणाली. "आपण थकला तरी थांबाचा नाय."

"घोवाक घंटा नाय," मार्टिना म्हणाली. "मशीन बरा."

मथुरा हसत होती. सगळे हात वर होत होते, गर घेऊन. मॅडमनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "वा! बोलायच्या आधी हात वर करता? मी शहरात शिकवते तिथे साहेबलोक एकाच वेळी ओरडतात. हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

आम्ही सगळ्यांनी मथुराकडे बघायचं टाळलं. मग मार्टिनाच म्हणाली, "पाद्रीबाबान."

पुढचे दिवस मजेत गेले, हे मला सांगायलाच हवं. मॅडमनी आम्हाला मशीनला नाव ठेवायला सांगितलं. आम्ही म्हटलं, ही सवत. सवतीला घरात घ्यायची तर तिची ओटी भरायला हवी. मग एके सकाळी आम्ही त्या लोखंडी धुडाला हळद-कुंकू लावलं, नारळ ठेवला, पट्ट्यावर पदर टाकला आणि एकेकीने नाव घेतलं. मार्टिना क्रिस्तांव, तिने आमच्यापेक्षा ठसक्यात घेतलं:

"काजूच्या झाडार बोंडू लाल-लाल,
मशीनबाय सवत इली, आता आमचे कोण इचारतले हाल?"

शेठ दारात उभे राहून डोळे पुसेपर्यंत हसले. मॅडम म्हणाल्या, "हेच हवं होतं मला. मशीन तुमच्यावर नाही आलेलं, तुमच्यात आलंय." हसताना माझी मात्र अर्धी नजर मथुराकडे असायची. मॅडम रिंगणात बसून शिकवत होत्या तोवर मथुरालाही सगळं कळत होतं. तिने एक-दोनदा असे विनोद केले की मॅडमनी तिला टाळी दिली. माझ्या मनात येऊ लागलं, निभेल कदाचित. काहीतरी युक्ती निघेल.

शेवटच्या दिवशी शेठ स्वतः खुर्ची टाकून बसले. मॅडम म्हणाल्या, "आज एकच खेळ. मशीनवर तुम्हाला एकमेकींची तोंडं दिसणार नाहीत. तेव्हा न बघता सांगायचं कसं आणि न बघता ऐकायचं कसं, ते आज शिकू. दोघी-दोघी व्हा. पाठीला पाठ लावून बसा. एकीने सुपात गर मांडायचे, हवं ते चित्र करायचं, आणि तोंडाने सांगायचं. दुसरीने ऐकून तसंच मांडायचं. मागे वळून बघायचं नाही."

मी मथुराचा हात आधीच धरला होता. तिला अजून खेळ कळला नव्हता. मॅडम बोलताना चालत होत्या. मी हातानेच तिला बसवलं आणि मॅडमना म्हटलं, "ती सांगतली, मी ऐकतंय."

"चालेल की."

मथुराने मांडलं आणि मोठ्याने सांगितलं. "अख्खो मधी. तेच्या उजव्याक पाकळी. डाव्याक पाकळी. खाली तुकडो, तेच्या खाली आणखी एक." मी मांडत गेले. मॅडमनी दोन्ही सुपं पाहिली. तंतोतंत. "छान! भागीरथीबाई, तुमचे कान तिखट आहेत." माझा जीव भांड्यात पडला.

"आता उलट," मॅडम म्हणाल्या. "ज्यांनी सांगितलं त्यांनी ऐकायचं."

मी सुपात गर मांडायला लागले.  पाठीला मथुराची पाठ लागली होती आणि ती शांत होती, तिला काय येणार आहे ते माहीत नव्हतं. मी मान किंचित तिरकी करून खांद्यावरून मागे शोधलं. मथुराच्या समोर, चार हातांवर, मार्टिना बसली होती. तिचं तोंड मथुराकडे. मार्टिनाने माझ्याकडे बघितलं.  तिने नुसता एक गर उचलून वर धरला.

मी जोरात म्हटलं, "पाच अख्खे घे."

मार्टिनाचे ओठ हलले. आवाज नाही. पाच अख्खे घे.

पाठीला हालचाल कळली. मथुरा मांडत होती.

"गोल कर. मधी एक पाकळी, उताणी."

मार्टिनाचे ओठ: गोल कर. मधी एक पाकळी, उताणी.

"वरच्या बाजूक दोन तुकडे, शिंगांसारखे."

मार्टिनाने स्वतःच्या डोक्यावर बोटांची शिंगंसुद्धा करून दाखवली. मथुराला हसू आलं, ते तिच्या पाठीतून माझ्या पाठीत आलं. मार्टिनाच्या मागे बसलेली तिची जोडीदारीण मात्र केव्हापासून ओरडत होती, "गो, माका काय सांगतंस की नाय? तुजा तोंड हलता, पण आवाज खंय आसा?"

खेळ संपला. मॅडमनी सुपं पाहिली. मार्टिनाच्या जोडीची दोन सुपं म्हणजे एकीकडे झाड आणि एकीकडे उकिरडा. शेठ म्हणाले, "मार्टिना, आज तोंडाक शिरा पडली काय तुज्या?" सगळ्या हसल्या. आमच्या सुपांपाशी आल्यावर मॅडम गुडघ्यांवर बसल्या. शिंगंसुद्धा जुळली होती.

"मी इतकी वर्षं हा खेळ घेते," मॅडम म्हणाल्या, "असं कधी पाहिलं नाही. मथुराताई, उठा! पुढे या."

मी मथुराच्या कोपराला धरून उठवलं. मॅडमनी तिला सगळ्यांच्या पुढे उभं केलं, आपण तिच्या मागे उभ्या राहिल्या, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले आणि विचारलं, "सांगा सगळ्यांना. इतकं छान कसं ऐकलंत?"

मार्टिनाने समोरून ओठ हलवले. मथुराने ते पाहिले आणि म्हणाली, "भागी सावकाश सांगता. मी मन लावन ऐकतंय."

टाळ्या पडल्या. मॅडमचे डोळे पाणावले. त्याच वेळी बाजूच्या खुर्चीवरून, मथुराच्या पाठीमागून, शेठ उठले आणि म्हणाले, "ठरला. घंटेच्या जागेर मथुरा. पट्ट्याच्या तोंडाशी, पयल्या स्टुलार. घंटा झाली की बाकीच्यांका हात बाहेर घेवक सांगूचा काम तिचा. एवढा चांगला ऐकता, ती सगळ्यांचे हात सांभाळतली."

पुन्हा टाळ्या. मथुराने टाळ्या पाहिल्या आणि तिनेही वाजवल्या.

मार्टिनाचे ओठ हलले नाहीत. मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे. रिंगणातली एकही बाई हसत नव्हती, पण टाळ्या सगळ्या वाजवत होत्या. थांबायचं कसं ते कुणाला कळत नव्हतं. मॅडमनी मथुराच्या केसांत अबोलीची वेणी माळली. मथुरा माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काय म्हणालो गो शेट? बक्षीस काय?"

मी तिला व्हाळाजवळ सांगितलं. तिच्यापुढे उभी राहून, एकेक शब्द. घंटेची जागा. पहिलं स्टूल. सगळ्यांचे हात.

ती आधी हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. गेले कितीतरी दिवस आमच्यात थट्टेशिवाय दुसरं काही चाललंच नव्हतं. मग माझं तोंड बघून तिचं हसू राहिलं.

"मार्टिना माज्या समोर बसात तर?"

"भितीत खंय बसतली ती?"

"आरसो लावलो तर?"

 मला ती कल्पना खरंच बरी वाटली होती. क्षणभर मी आरसा कुठे लावायचा त्याचा विचारही केला. मग मला ते रूळ आठवले, आणि तिलाही आठवले असावेत, कारण तिने स्वतःच मान हलवली. "आरशात घंटा दिसाची नाय." वेणी काढून तिने हातात घेतली. "उद्या चाचणी आसा मा?"

"व्हय."

"कोणाचे हात आसतले पट्ट्यार?"

"सगळ्यांचे."

वेणी कमरेला खोचून ती घराकडे वळली. 

सकाळी आम्ही गेलो तेव्हा पट्टा पुसून तयार होता. शेठ, त्यांचा मुलगा, मॅडम, मशीन चालवणारा, सगळे पहिल्या स्टुलापाशी उभे होते. मॅडमनी त्या स्टुलाला रिबिन बांधली होती. मथुरा सरळ शेठपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली:

"शेट, माका ऐकाक येणा नाय."

शेठ हसले. त्यांचा मुलगा हसला. मॅडम तर टाळी वाजवून म्हणाल्या, "मथुराताई, तुमचा हा विनोद मी सगळीकडे सांगणार!"

"विनोद नाय," मथुरा म्हणाली. "मी भयरी आसंय."

"कालची सगळ्यात चांगली ऐकणारी बाई आणि म्हणते मी बहिरी!" मॅडम आम्हाला म्हणाल्या. "बघा, ह्याला म्हणतात ताण हलका करणं."

मथुराने आमच्याकडे बघितलं. कुणीतरी सांगावं म्हणून. मी पुढे झाले. "खराच सांगता ती, मॅडम." मार्टिना म्हणाली, "खरा आसा." दोघींकडेही ते हसूनच बघत राहिले. गेले कित्येक दिवस आमच्या तोंडून जे काही निघालं होतं ते विनोद म्हणूनच निघालं होतं आणि विनोद म्हणूनच घेतलं गेलं होतं. आता दुसऱ्या तऱ्हेने बोलायचं कसं, ते आम्हाला सापडेना. मार्टिनाने क्रूस काढून शपथ घेतली, तर शेठचा मुलगा पोट धरून हसायला लागला.

तेव्हा मथुरा वळली. त्या सगळ्यांकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "आता बोला."

 मग शेठ म्हणाले, "मथुरा." थोडं थांबून जोरात, "गो मथुरा!" मशीनवाल्याने हात लांब करून घंटा दाबली. ती अशी कर्कश होती की आमच्यातल्या दोघी दचकून मागे सरकल्या. मथुरा आमच्या दचकण्याकडे बघत राहिली. आम्ही कशाला दचकलो ते तिने बरोबर ओळखलं असणार, पण ती मागे वळली नाही.

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरताना मी पाहिलं. त्या मथुराच्या पाठीपाशी आल्या. हात उचलला, पण ठेवला नाही. आणि म्हणाल्या, "मथुराताई, माझं चुकलं हो."

त्या पाठीशी बोलल्या. मथुराला ते कळलं नाही. मी सांगू शकले असते, ओठ हलवले असते तरी पुरे होतं. पण माझे ओठ रडू आवरण्यात गुंतले होते.

शेठनी तिला कामावरून काढलं नाही. मी आधीच म्हटलं, माणूस वाईट नव्हता. उलट आम्हाला रागावले, "आधी सांगूक काय झाला होता?" आणि तिला मागच्या अंगणात काम दिलं. खळ्यात काजूबी वाळत घालायची, फावड्याने पसरायची, संध्याकाळी गोळा करायची. पगार तोच. ऊन होतं, म्हणून बसायला मांडव घालून दिला. मॅडमना फार हायसं वाटलं. जाताना त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं नीट झालं." आणि खरंच, ज्याला विचारावं तो हेच सांगत होता. मथुराचं नशीब चांगलं. मार्टिनासुद्धा म्हणाली, "हात शाबूत, पगार शाबूत, आनी काय व्हया?" आणि मग दिवसभर कुणाची नक्कल केली नाही.

खळ्यात मथुरा एकटी असायची.

सुरुवातीला आम्ही जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन तिच्याकडे जायचो, रिंगण करून बसायचो. मग पट्टा थांबू नये म्हणून सुट्टी दोन पाळ्यांत झाली. अर्ध्या बायका जेवतात तेव्हा अर्ध्या वेचतात. हात धुऊन खळ्यापर्यंत जाऊन यायला वेळ पुरेना. मशीनचं सगळ्यांना जमलं. आम्ही पटपट शिकलो, माल दुप्पट निघू लागला. गप्पाही बंद झाल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या होत्या तशी मजा आम्ही मशीनवर नेली. भिंतीकडे तोंड ठेवून, बाजूचीच्या कानाशी वाकून, त्या घरघरीच्या वरताण बोलायची कला आम्हाला आली.

पुढच्या काजूच्या हंगामात एकदा पट्टा नादुरुस्त झाला आणि आम्हाला लवकर सोडलं. मी खळ्यात गेले. मथुरा फावडं टेकून उभी होती. वाळली होती, उन्हाने काळी पडली होती. मला बघून तिने फावडं टाकलं आणि तोंडभर हसली. मी तिचे हात धरले. किती साठलं होतं सांगायचं! माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मार्टिनाच्या झिलाने गोव्यात नोकरी धरली होती. मी एका दमात सांगायला लागले.

ती माझ्या ओठांकडे बघत होती. कपाळाला आठी पडली. ती जरा पुढे वाकली. मी आणखी जोरात सांगितलं. तिने डोळे बारीक केले, माझ्या हनुवटीला हात लावून माझं तोंड उजेडाकडे केलं. मी पुन्हा सुरुवातीपासून, आणखी जोरात, पट्ट्यावर बोलायचो तसं तोंड आ वासून सांगितलं.

"ओरडा नको गो भागी," मथुरा म्हणाली. "तू ओरडाक लागलंस की माका काय्येक ऐकाक येणा नाय."